समोर बसून शिकलेला टाका

एके काळी एक वृद्ध ठसेकार तळ्याकाठच्या कौलारू खोलीत राहत असे. ठशासाठी लाकूड नाही, तांबे नाही. रद्दीतला पुठ्ठा घ्यायचा आणि घरात सापडेल ते त्यावर चिकटवायचे, एवढीच त्याची विद्या. कांद्याची साल, सुतळी, चिमूटभर रवा, पिंपळाचे जाळीदार पान. वरून लाखेचा पातळ हात द्यायचा. लाख वाळली की शाई चोळायची आणि पुन्हा पुसून घ्यायची. खाचाखोचांत उरेल तेवढीच शाई आपली. मग त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचे. कागद उचलला की कांद्याच्या सालीचे डोंगर झालेले असत आणि रव्याचे आभाळ. सारे अर्थात उलटे, उजव्याचे डावे. असे कितीतरी कागद दोऱ्यांवर वाळत असत. तळ्यावरून वारा आला की ते हलके हलके हलत, आणि आत आलेला माणूस क्षणभर विसरून जाई की आपण कशासाठी आलो होतो.

वेणू नावाची त्याची शिष्या मात्र विसरली नव्हती. ती आली होती एकाच कामासाठी. तिची आई वारली होती, आणि आईचे म्हणून तिच्यापाशी उरला होता पेटीत जपलेला पदराचा एक तुकडा. काट्याला अडकून तो कधीतरी फाटला होता आणि आईने तो सांधला होता. आई डावखुरी, म्हणून टाके सगळे डावीकडे झुकलेले. आईचा चेहरा आता स्वप्नातसुद्धा धूसर दिसे, पण हे टाके स्पष्ट होते. कापड मात्र घडीघडीवर विरत चालले होते. ते जाण्याआधी त्याची छाप कागदावर उतरवून घ्यायची, एवढाच तिचा ध्यास.

वृद्धाने तुकडा हातात घेऊन उजेडात धरला.

"पुठ्ठ्यावर एकदा चिकटलं की हे परत मिळणार नाही, वेणू."

"ठाऊक आहे, गुरुजी."

"डिंक पाण्यासारखा लाव. खिरीसारखा नको. आणि घाई नको."

इतके सांगून तो कागद भिजवायला तळ्यावर गेला. इकडे वेणूच्या मनात भीती शिरली. एखादा टाका उसवला तर? एखादा धागा सरकला तर? तिने डिंकाचा एक हात दिला, मग आणखी एक. लाखही सढळ हाताने ओतली. जिवापाड जपणे म्हणतात ते हेच. गंमत अशी, की जपण्याच्या नादात आपण वस्तूचा श्वास कोंडतो आणि वर त्यालाच माया म्हणतो.

लाख वाळली. म्हातारा ओला कागद घेऊन परतला. शाई चोळली, पुसली, रूळ फिरले. वेणूने कागद उचलला तर तो कोरा. कडांची एक फिकट चौकट आणि आत काही नाही. डिंकाखाली टाके बुडून गेले होते. शाईला थांबायला जागाच उरली नव्हती. ठसा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. पदर गेला तो गेलाच, आणि छापही आली नाही.

वेणू जमिनीवर बसून हुंदके देऊ लागली. म्हाताऱ्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, की 'होतं असं' म्हटले नाही. तो कोपऱ्यात गेला, पिठाची जुनी पिशवी काढली, टर्रकन फाडली, आणि फाटका तुकडा सुईदोऱ्यासह तिच्यापुढे ठेवला.

"हे सांध."

वेणूला क्षणभर त्याचा रागच आला. "गुरुजी, माझी आई गेली हो आज. दुसऱ्यांदा गेली. आणि तुम्हाला पिशवी शिवायची सुचतेय?"

"सांध म्हटलं ना."

आज्ञा मोडण्याचे बळही तिच्यात नव्हते. तिने सुई घेतली. डोळ्यांत पाणी होते, त्यामुळे ती हाताकडे बघतच नव्हती. हात आपला चालत राहिला. बाहेर तळ्यावर ऊन पडले होते, त्याची तिरीप छतावर डुलत होती, आणि खोलीत सुईखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

काम संपल्यावर तिने डोळे पुसून पाहिले. "हे आईचे नाहीत. तिचे टाके डावीकडे झुकायचे. माझे बघा, उजवीकडे. मी उजव्या हाताची ना!"

"चिकटव. या वेळी पाण्यासारखा डिंक."

आता जपण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून हात हलका पडला. डिंक पातळ, लाख पातळ. ती वाळेपर्यंत दोघे थांबले. मग शाई, मग रूळ. वेणूने कागद उचलला. एकेक धागा उमटला होता. आणि टाके डावीकडे झुकले होते. तेच अंतर, तोच कल, शेवटच्या टाक्यापाशी तीच किंचित ओढ.

"आई!" तिच्या तोंडून निघाले.

वृद्ध प्रथमच तिच्याजवळ बसला. "शिवण शिकवताना आई कुठे बसायची?"

"माझ्या समोर."

"मग तू आरशात बघावं तसं शिकलीस. तिचं डावं ते तुझं उजवं. कागद फक्त ते पुन्हा पालटतो. पोरी, तुझा पदर बुडाला याचं मलाही वाईट वाटतं. पण आता सांगतो ते ऐक. तो नीट छापला गेला असता, तर छापेत टाके उजवीकडे झुकले असते. आईला शोधायला गेली असतीस आणि कागदावर तुझेच टाके बघत बसली असतीस. ठसा तिनं केव्हाच करून ठेवलाय. तुला समोर बसवून, रोज थोडा थोडा, पातळ हातानं. तू मात्र तो पेटीत शोधत होतीस."

वेणूने कागद दोऱ्यावर वाळत टाकला. शाई ओली होती म्हणून तिने टाक्यांना बोट लावले नाही. तिने आपला उजवा हात उचलला आणि कितीतरी वेळ, ओळखीचे माणूस दारात दिसावे तशी, ती त्याच्याकडे पाहत राहिली. दोऱ्यावर कोरा कागद आणि हा कागद शेजारी शेजारी हलत होते.

गेलेल्या माणसाची खूण शोधायला आपण कपाटे उपसतो. एकदा पोळी लाटताना, दोरा ओवताना, आपला हात कुणासारखा चालतो तेही पाहावे.