उलांडीशिवाय

हे कुणाला सांगायचं नाही, असं यतीनदादाने मला दोनदा बजावलं होतं. मी मान हलवली होती. पण मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, म्हणून लिहिते आहे.

“पण सही करायला अडचण काय आहे, आबा?”

यतीनने हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा भिवा आबा खाडीत गुडघाभर पाण्यात उभे होते आणि होडीच्या काठावरचं शेवाळ खरवडत होते. त्यांनी हातातली करवंटी थांबवली नाही.

भिवा आबा आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वाडीतल्या प्रत्येक पोराला होडी वल्हवायला त्यांनीच शिकवलं. यतीनलाही, तो सहा वर्षांचा असताना. आमचे बाबा जहाजावर असतात, वर्षातून एकदा येतात. त्यामुळे घरातला कुठलाही मोठा निर्णय आबांकडून फिरून येतो. आई म्हणाली होती, “आबांनी सही केली, तर मी एक शब्द बोलणार नाही.”

कागद एवढासाच होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून नाव काढून घेण्याचा अर्ज. उद्या शेवटची तारीख होती.

“पेपरात फोटो बघलंय तुझो,” आबा म्हणाले. “हातातल्या सुरमयेपेक्षा तूच ताजो दिसतंस.”

यतीनला हसू आवरलं नाही. त्याला तो फोटो फार आवडायचा. त्याच्या कंपनीचं नाव ‘दर्या डायरेक्ट’. पहाटे होड्या किनाऱ्याला लागल्या की कुणाच्या होडीत काय मासळी आहे ते मोबाइलवर दिसतं आणि कोल्हापूर-पुण्याची हॉटेलं थेट मागणी नोंदवतात. पुण्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षक उभे राहिले होते. हे त्याने घरी निदान वीस वेळा सांगितलं असेल. आम्हीही वीस वेळा ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी आमचीही छाती फुगायची.

“दोन वर्षं मी दोन्ही सांभाळलं, आबा. पहाटे चारला होड्यांचे फोन, नऊला लेक्चर. मागच्या बाकावर बसून ऑर्डरी लावल्या. आमच्या अख्ख्या वर्गात हे कुणाला जमलं असतं?”

“कुणाक नाय,” आबा म्हणाले.

“मग?”

“मगे काय?”

“मग आता एक सोडतोय. दमलो म्हणून नाही. गरज नाही म्हणून.”

आबांनी करवंटी धुतली. यतीनने होडीकडे पाहिलं. होडीच्या एका अंगाला दोन आडवे बांबू बांधलेले होते आणि त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा एक लांबट ओंडका. उलांडी. आमच्याकडच्या चिंचोळ्या होड्यांना तोल राखायला ती असतेच.

यतीनला एकदम सुचलं. सुचलं की त्याचे कान लाल होतात.

“आबा, कॉलेज म्हणजे माझी ही उलांडी आहे. मी बसतो होडीत. मासे येतात होडीत. ही नुसती बाजूने ओढत येते आणि वेग खाते. खरं सांगा, उलांडीत आजवर एक तरी मासा पडला?”

आबांनी खरोखरच विचार केला.

“नाय,” ते म्हणाले. “साठ वर्सांत एकव नाय.”

“बघा!”

“पेन आसा?”

यतीन गडबडला. त्याने उत्तरं तयार करून आणली होती. डिग्री नसलेल्या मोठ्या माणसांची यादी मोबाइलवर काढून ठेवली होती. त्यातलं एकही नाव काढायची वेळ आली नाही.

आबांनी ओले हात धोतराला पुसले, कागद होडीच्या पाटावर ठेवला आणि सही केली. आबांची सही म्हणजे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर थांबून. यतीनने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

“थँक यू, आबा.”

“रे, पण माझा पण एक काम कर. माझ्या होडयेची उलांडी सोड. इतकी वर्सा उगाच ओढलंय.”

यतीनला वाटलं, आबा थट्टा करतायत. आबांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

“आत्ता?”

“तुका जमता मां?”

असं यतीनला विचारायचं नसतं.

त्याने काथ्याच्या गाठी सोडवल्या. त्या गाठी त्याला आबांनीच शिकवल्या होत्या, त्यामुळे बोटं न अडखळता चालली. उलांडी मोकळी झाली, बांबूंसकट हळूहळू दूर गेली आणि खारफुटीच्या मुळांना जाऊन टेकली. होडी लगेच एका अंगावर झुकली. आबांनी ती धरली.

“बस.”

यतीन चढला. होडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पाणी आत आलं. मी काठावर उभी होते. मी डोळे मिटले, मग एक उघडला.

तो पडला नाही.

तो तळाला बसला, पाय पसरले, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरले. श्वाससुद्धा मोजून घेत होता. होडी डुलत राहिली, मग कमी डुलली, मग थांबली. आबांनी हात काढून घेतला आणि तिला हलकेच खोल पाण्याकडे लोटलं.

होडी उभी राहिली. चिंचोळी, उघडी, एका अंगाची. आमच्या वाडीत असं कुणी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की टाळी वाजवावी. पण टाळीच्या आवाजाने होडी उलटेल, असं वाटून मी हात मागे बांधले.

“आबा!” मान न वळवता यतीन ओरडला. “बघताय ना?”

“बघतंय.”

“कलत नाहीये!”

“नाय कलत.”

“म्हणजे जमतं! उलांडीशिवाय जमतं!”

“झकास जमता,” आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातही अभिमान होता. तो खोटा नव्हता. मला आवाज कळतात.

यतीन पुढे बघत बसला. पाठ ताठ, हनुवटी वर, फोटोत होती तशीच. एक बगळा खारफुटीवरून उडाला. मासळीची एक झुंड होडीच्या पुढ्यातून गेली आणि पाण्यावर शहारा उठला. बोय होती. एवढी बोय खाडीत रोज येत नाही.

यतीनने ती पाहिली. पण डोळ्यांनीच.

आबा पाण्यातून चालत होडीकडे निघाले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं, मग छातीला. खांद्यावर त्यांचा पाग होता, हाताने फेकायचं ते गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. होडीला धक्का लागू न देता त्यांनी तो खांद्यावरून उतरवला आणि यतीनसमोर धरला.

“घे.”

यतीनने पागाकडे पाहिलं. मग काठावरच्या आपल्या दोन हातांकडे.

पाग उभ्याने टाकायचा असतो. तो दोन्ही हातांनी उघडावा लागतो, आणि एक कड दातांत धरून अंगाला पीळ द्यावा लागतो. हेही त्याला आबांनीच शिकवलं होतं.

“आबा…”

“सांग.”

“हात सोडला तर…”

आबा पाण्यात पाग धरून उभे राहिले. बोय पुन्हा वळली, आता अगदी होडीजवळ. पाण्यावर चांदीसारखे ठिपके उठत होते. यतीनने ओठ चावला. तो गप्प बसला की घाबरलेला असतो, आणि ओठ चावला की हट्टाला पेटलेला. त्या वेळी तो दोन्ही होता.

“तोल सांभाळलंस,” आबा हलकेच म्हणाले. “आता पाग टाक.”

यतीनचं बोट सुटलं. मग दुसरं. मग त्याचा उजवा हात काठावरून अलगद वर आला, होडी एकदा थरथरली, आणि तो गुडघ्यावर उठता उठता—

“गो बाय,” आबांनी माझ्याकडे न बघताच हाक मारली, “तू घराक जा. माणूस शिकता, तेव्हा कोणी बघूचा नसता.”