गारठोबा आणि बयोचं लाळेरं

या, सरका इकडं. पाय पांघरुणात घ्या. आणि मधे कुणी बोलायचं नाही, बरं का. मधे बोललं की मी विसरते, आणि मग गारठोबा आहे तिथंच बसून राहतो. चालेल? नाही ना? मग ऐका.

खाडीच्या काठी एक गाव होतं. तिथं मथी नावाची बाई राहायची. नवरा गलबतावर गेलेला. घरात मथी आणि तिची तान्ही बयो, दोघीच. बयोला दात येत होते, म्हणून तिची लाळ सारखी गळायची. मथी दिवसाला चार लाळेरी बदलायची, तरी हनुवटी ओली ती ओलीच. शेजारणी नाकं मुरडायच्या. मथी म्हणायची, "गळू दे गो. माझ्या लेकीची आहे."

एका वर्षी काय झालं, पौषात त्या गावात गारठोबा आला. गारठोबा म्हणजे थंडीचा बाप. माडाएवढा उंच, अंगावर धुक्याची घोंगडी, आणि बोटं अशी गार की ज्याला लावील ते थिजलंच. दारात उभा राहून तो म्हणायचा, "भूक लागलीय. मला गरम घास दे. पोटात पोचेपर्यंत तो गरम राहिला पाहिजे. तीन संध्याकाळी येईन. तिन्ही घास गार निघाले, तर तुझ्या घरात सगळ्यात उबदार जे असेल त्याला हात लावीन."

आधी तो पाटलाकडं गेला. पाटलीणबाईंनी दूध दिलं, खीर दिली, कढी दिली. सगळ्याचा बर्फ झाला. मग गोठ्यातलं वासरू उभ्या उभ्या थिजलं. तिथून गेला कोळणीकडं. तिचं तिखटजाळ कालवणसुद्धा गोठलं. खुराड्यातली कोंबडी पिल्लांसकट थिजली. ना कुकूच, ना चिवचिव.

मग तो मथीच्या दारात आला.

मथीच्या घरात सगळ्यात उबदार काय होतं? हं, बरोबर. बयो. मथीनं तिला उचलून छातीशी धरलं. पळून जावं म्हटलं तर जाणार कुठं? थंडी कुठं नाही?

पहिल्या संध्याकाळी तिनं तांदळाची भाकरी केली. अशी फुगली की बघत राहावं. तव्यावरून काढली, तशी दिली. गारठोबानं दोन बोटांत धरली आणि भाकरीची थाळी झाली. खाली पडली तर खण्णकन वाजली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं कुळथाचं पिठलं केलं. रटरटत होतं, भांडं चुलीवरून उतरवलंच नाही. गारठोबा वाकला, त्यानं नुसती फुंकर घातली. पिठलं रटरटायचं थांबलं. चूलही विझली.

"उद्या येतो," गारठोबा म्हणाला आणि बयोकडं बघून हसला. बयोही हसली. तिला काय कळतंय?

तिसऱ्या दिवशी मथी बयोला घेऊन वालाच्या शेतात जाऊन बसली आणि पोटभर रडली. रडता रडता तिनं बयोची मूठ हातात धरली. मूठ वरून गार होती. मथीनं हळूच बोटं उघडली, तर आत तळवा कसा कढत! मथीचं रडं थांबलं. ती उठली, पदर खोचला आणि शेंगा तोडायला लागली. तिनं पोपटी लावायचं ठरवलं होतं.

पोपटी माहीत आहे ना? मातीचं मडकं घ्यायचं. आत भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या अख्ख्या शेंगा, मीठ आणि ओवा. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. मधेच उघडून बघायचं नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब चुर्र करून उडाला की झाली पोपटी. नुसताच ओघळला तर अजून कच्ची.

दिवस कलला. गारठोबा आला, शेताच्या बांधावर बसला. "कच्चं निघालं तर बाळ माझं," तो म्हणाला. "करपलं तरी बाळ माझं."

मथीनं बयोला कमरेवर घट्ट धरलं. जाळ चढला, मग उतरायला लागला. मथीनं तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडलं. गारठोबानं हळूच फुंकर घातली. थेंबांच्या गारा झाल्या आणि मडक्यावरून टणाटण उडाल्या.

"झालं का गो?" गारठोबानं विचारलं.

"थांब बाबा," मथी म्हणाली.

तिनं पुन्हा पाणी शिंपडलं. पुन्हा गाराच. तिसऱ्यांदा तांब्यात हात घातला, तर पाणी तळापर्यंत गोठलेलं! वास घ्यावा, तर गारठ्यानं नाक बधिर झालेलं. आता कळायचं कसं? आत शेंगा कच्च्या होत्या का करपत होत्या, कोण सांगणार? गारठोबा उठला. एक एक पाऊल पुढं आला. त्यानं बोट लांब केलं. आई गं, मला सांगतानासुद्धा कसंतरी होतंय.

मथी मागं सरता सरता मडक्यापाशी आली. बयो कमरेवरून वाकली. तिला मडकं बघायचं होतं. लाळेरं तर केव्हाच भिजलं होतं. हनुवटीवरून लाळेचा एक थेंब सुटला. आईच्या कुशीतलं बाळ ते, त्याची लाळ तोंडातून निघाली तीच कढत. गारठोबानं फुंकर घालायच्या आत थेंब मडक्यावर पडला.

चुर्र!

मथीनं मडकं लगेच उलथलं. वाफच वाफ! काय वास सुटला म्हणता! गारठोबानं झडप घालून शेंग उचलली. शेंगेवर लगेच हिमाचा थर आला. "ही पण गार!" तो ओरडला.

"अरे, सोल की!" मथी त्याच्यावर खेकसली. भीती पार पळाली होती तिची. "आयतं कसं मिळेल? सोल आणि मग बोल."

गारठोबाला कुणी कधी सोलायला लावलंच नव्हतं. त्याला येईना. एकदा शेंग निसटली. दुसऱ्यांदा तुटली. तिसऱ्यांदा उकलली. आतला दाणा वाफाळत होता. त्यानं तो तोंडात टाकला, गिळला आणि पोटावर हात ठेवला.

"पोचला," म्हणाला. "गरम पोचला."

मग तो निखाऱ्यांपाशी मांडी घालून बसला आणि सगळी पोपटी सोलून सोलून खाल्ली. जसजसा खात गेला तसतशी त्याची बोटं ऊन होत गेली. तिकडं पाटलाचं वासरू हंबरलं. कोळणीची पिल्लं चिवचिवली. जाताना गारठोबानं बयोची हनुवटी एका बोटानं पुसली. मथीचा जीव वर गेला, पण बयो खुदकन हसली. बोट गार नव्हतं.

तेव्हापासून गारठोबा दर पौषात येतो. बांधावर बसतो, शेंगा सोलतो, खातो आणि आपल्या वाटेनं जातो. गलबत परत आलं, बयोला दात आले आणि सगळी मंडळी सुखानं नांदली.

संपली गोष्ट, मिटा डोळे. आणि ए, त्या धाकटीचं लाळेरं भिजलंय म्हणून कुरकुरू नका. बाहेर गारठा पडलाय. आज राहू दे तसंच.