तीन शनवारांच्या टेकडीची कहाणी

ऐका एलियाहू हन्नबी, तुमची कहाणी.

आटपाट टेकडी होती. खाली गाव, गावापलीकडे खाडी, आणि वर टेकडीवर बेने इस्राएल यहुद्यांची लहानशी वस्ती. तेलाचा धंदा. सहा दिवस घाणा करकरायचा. शनवार आला की घाणा बंद, चूल बंद, बैल मोकळा. म्हणून खालचा गाव त्यांना शनवार तेली म्हणे. वस्तीला दोन आळ्या होत्या. वरल्या आळीत सहा बाप्ये, खालल्या आळीत पाच. वरल्या आळीचा मुकादम एलोजी, खालल्या आळीचा दाऊदजी, तो वस्तीचे धर्मविधी सांगणारा काजी. काजीची लेक मिलका, ती मुकादमाची सून. लग्नात बापानं आंदण दिलं काय, तर एक पांढरा बैल. ढवळा त्याचं नाव. तो सासऱ्याच्या घाण्याला लागला. मिलका चुलीला लागली. एक लेक झाली. तिचं नाव सिम्हा. सिम्हा म्हणजे आनंद.

एके पावसाळ्यात काय झालं, टेकडीवर धुकं बसलं. असं बसलं की शेजारच्या घराची कौलं दिसेनात. दरड कोसळली, गावाची वाट बुजली. मग वस्तीत ताप आला. म्हातारी पडली, बाप्ये पडले, बायका पडल्या, पोरंटोरं पडली. दिवस उगवला कधी, मावळला कधी, कोणाला काही कळेना. गोधडीत होते आणि कण्हत होते.

मग ताप उतरला. माणसं उठली, भिंतीला धरून पडवीत आली. सगळी उठली, एक सिम्हा उठली नाही. अंगात ताप नाही, डोळ्यांत झापड नाही. बोलते, हसते, पण पायांत बळ नाही. उभी केली की कापडासारखी खाली बसते. वस्ती ज्याला नवस बोले, त्या एलियाहू प्रेषितापुढे, हन्नबीपुढे, मिलकानं पदर पसरला. म्हणाली, "हन्नबीबाबा, माझी पोर चालू दे. तुझा मलिदा मांडीन. दहा बाप्ये बसवीन." पोहे, गूळ, नारळ, वेलची असं सगळं एका डब्यात घालून फडताळात वर ठेवलं. ते नवसाचं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

आता मलिदा मांडायचा कधी, तर शनवार सरला की सांजेला, आणि ताटाभोवती दहा बाप्ये हवेतच. म्हणून मिलकानं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, आज वार कोणता?"

मुकादम म्हणाला, "आज शुक्रवार. उद्या शनवार."

मग बापाकडे गेली. "बाबा, आज वार कोणता?"

काजी म्हणाला, "आज गुरुवार. परवा शनवार."

ती म्हणाली, "मामंजी तर शुक्रवार म्हणतात."

"तुझ्या सासऱ्यानं दिवस मोजले तापात. तापात काय काय दिसतं माणसाला."

ती परत सासऱ्याकडे आली. सासरा म्हणाला, "आणि तुझा बाप काय तेव्हा पडवीत बसून सुपारी कातरत होता? तोही तापातच होता."

झालं. वरल्या आळीनं आपला शनवार धरला, खालल्या आळीनं दुसऱ्या दिवशी आपला धरला. वरल्या आळीचा घाणा थांबला की खालल्याचा वाजे, खालल्याचा थांबला की वरल्याचा वाजे. मुकादम म्हणे, "माझ्या शनवारात करकर करतात." काजी म्हणे, "माझ्या शनवारात करकर करतात." मग बिरड्याचा सण आला. त्या दिवशी दिवसभर उपास करायचा, पूर्वजांच्या देशातलं जुनं मंदिर पडलं त्याचा शोक करायचा, आणि सांजेला वालाचं बिरडं खाऊन उपास सोडायचा. वरली आळी एक दिवस रडली, खालली आळी दुसऱ्या दिवशी रडली. मिलका दोन्ही दिवस उपाशी राहिली, दोन्ही दिवस रडली, आणि दोन्ही दिवस बिरडं सोलत बसली.

नवऱ्याला विचारलं, "तुम्ही तरी सांगा, शनवार कधी?"

नवरा हसाजी गरीब माणूस. इकडे तिकडे पाहिलं, हळूच म्हणाला, "आई म्हणेल तेव्हा."

मग मिलकानं काय केलं, दोन्ही पाळले. न जाणो, चुकीचा पाळला आणि हन्नबी रागावला तर? आदल्या दिवशी दोन दिवसांचं शिजवायची. सासऱ्याच्या शनवारी चूल बंद, बापाच्या शनवारीही चूल बंद. सासू शेगुलाबाई म्हणे, "बरं आहे बाई, दोन दोन दिवस बसून खाते." माहेरी गेली की आई म्हणे, "सासऱ्याचा वार पाळतेस, आमचं पाणी कशाला पितेस?" तिला काही समजेना. डोकं गरगरे. ताट मांडावं तर सासऱ्याच्या शनवारी सहाच बाप्ये, बापाच्या शनवारी पाचच. दहा कुठून आणायचे? आणि पडवीत घोंगडीवर सिम्हा बसलेली, पाय पुढे पसरलेले, बाहुलीचे असावेत तसे.

त्यात बैल अडायला लागला. सासऱ्याच्या शनवारी मोकळा सोडावा, तर आपणच घाण्यापाशी येऊन उभा. बापाच्या शनवारी मुकादम त्याला जुंपी, तर मुकाट फिरे. तिसऱ्या दिवशी मात्र फणसाखाली जाऊन जो बसे, तो उठेचना. शेपूट पिळली, उठेना. पेंड दाखवली, उठेना. मुकादम दमून खाली बसला. शेगुलाबाई म्हणाली, "सासऱ्याचा शनवार झाला, बापाचा शनवार झाला. बैलाचा तेवढा राहिला होता. सून तशी सुनेचा बैल." आळीतली सगळी हसली. मिलकाही हसली, आणि मग आत जाऊन रडली.

पुढं काय झालं? सासऱ्याचा शनवार होता. धुक्यातून एक म्हातारा आला. पांढरा अंगरखा, पांढरी दाढी, हातात काठी. दारात उभा राहिला. म्हणाला, "पोरी, भूक लागली आहे. काही वाढ." मिलका म्हणाली, "बाबा, आज शनवार, चूल बंद आहे." म्हातारा म्हणाला, "मग कालचं वाढ." ती म्हणाली, "कालचं आहे, पण तेच उद्याला पुरवायचं आहे. उद्याही शनवार आहे." म्हातारा म्हणाला, "लागोपाठ दोन शनवार? भाग्याची आहेस." आणि गेला.

दुसरा दिवस उजाडला. बापाचा शनवार होता. म्हातारा परत आला. "पोरी, भूक लागली आहे. काही वाढ." मिलका म्हणाली, "बाबा, कालचं पोरीनं आणि घरच्यांनी खाल्लं, भांडं घासून पालथं घातलं. आज चूल पेटवायची नाही, बापाचा शनवार." म्हातारा म्हणाला, "तुझा शनवार कोणता?" मिलका बोटांवर वार मोजू लागली. तो गेला.

तिसरा दिवस उजाडला. कोणाचाच शनवार नाही. मिलका चूल पेटवायला बसली, तर धुक्यानं लाकडं ओली. फुंकलं, धूर झाला. परत फुंकलं, डोळे चुरचुरले. परत फुंकलं, ठिणगी विझली. बाहेर मुकादम बैलापुढे हात जोडून बसलेला, "ऊठ रे बाबा, ऊठ." बैल फणसाखाली रवंथ करतो आहे. घाणा गप्प, चूल गप्प. आणि दारात म्हातारा उभा.

"पोरी, भूक लागली आहे. आज तरी वाढशील का?"

मिलकानं फुंकणी खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, आज वार कोणता ते मला ठाऊक नाही. कालचा कोणता होता तेही ठाऊक नाही. तुम्हांला भूक लागली आहे, एवढं दिसतं. या, बसा."

पण वाढणार काय? शिजलेलं काही नाही, चूल पेटत नाही. तिनं फडताळाकडे पाहिलं. मग डबा खाली काढला. पोहे भिजवले, गूळ चिरला, नारळ खवला, वेलची कुटून घातली. शेगुलाबाई माजघरातून धावत आली.

"अगं, नवसाचं ते. वाटसरूला घालतेस?"

मिलका म्हणाली, "सासूबाई, नवसाला दहा बाप्ये मिळत नाहीत. भुकेलेला एक मिळाला आहे."

मिलकानं ताट मांडलं. म्हाताऱ्यानं पहिला घास हातात घेतला आणि सिम्हाच्या तोंडात घातला. सिम्हानं खाल्ला आणि म्हणाली, "अजून." म्हाताऱ्यानं दिला. मग आपण खाल्लं. खाता खाता विचारलं, "पोरी, तुम्ही सगळी तापात पडलात, तेव्हा वस्तीत उभं कोण होतं?"

"कोणी नाही, बाबा."

"आठव."

मिलका आठवू लागली. गोधडी, काळोखी, अंगाची आग. दाराच्या फटीतून दिसणारं अंगण. अंगणात घाणा. घाण्याभोवती पांढरं काहीतरी फिरतं आहे. जू नाही, झापड नाही, हाकणारा नाही, आपलं आपणच गोल फिरतं आहे. तिला वाटलं होतं, तापातलं स्वप्न. आणि मग एक दिवस ते पांढरं फणसाखाली बसलेलं. फिरलं, फिरलं, बसलं. परत फिरलं, फिरलं, बसलं.

तिनं अंगणात पाहिलं. ढवळा बसला होता.

म्हातारा उठला. म्हणाला, "घाबरू नकोस, गडबडू नकोस, दारी आल्या भुकेला वार विचारू नकोस. तुझं ताट भरेल." आणि धुक्यात गेला. मागून घोड्याच्या टापा वाजल्या. शेगुलाबाई दारात येऊन म्हणाली, "टेकडीवर घोडा कोणाचा? आणि दरड तर कोसळली आहे, हा वर आला कुठून?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग मिलका सासऱ्याकडे गेली. म्हणाली, "मामंजी, बैलाला उठवू नका. आज खरा शनवार आहे. आपण पडलो, तो पडला नाही; सहा दिवस फिरला, सातव्या दिवशी बसला. त्याचा नेम चुकला नाही."

मुकादम म्हणाला, "मुकादम मी का बैल?"

मग बापाकडे गेली, तेच सांगितलं. काजी म्हणाला, "काजी मी का बैल?" मग म्हणाला, "तुझा सासरा काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणालात तेच म्हणाले."

"मग पहिल्यांदाच आमचं एकमत झालं," काजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं, ऊन पडलं. खालच्या गावचा गुरव दरडीवरून चढत, घसरत वर आला. हातात रिकामी बुधली. म्हणाला, "मुकादम, काय हे? साठवणीचं तेल सरलं, काल मारुती कोरडा राहिला. शनवारचं तेल कुठं आहे?"

मुकादमानं विचारलं, "काल शनवार होता?"

गुरव बघतच राहिला. "तुम्ही मला विचारता? अहो, तुमचा घाणा थांबला की गाव शनवार ओळखतो. या दिवसांत तुमचा घाणा कधी थांबतो, कधी वाजतो, परत थांबतो. गावातल्या बायका म्हणतात, वर शनवारांची पैदास झाली. मी पंचांग बघून बघून दमलो. काल शनवार होता, मारुतीची शपथ."

काजी खालच्या आळीतून वर आला होता, त्यानंही ऐकलं. दोघं फणसाखाली गेले. ढवळा उठला, अंग झटकलं, आपल्या पायांनी घाण्यापाशी जाऊन उभा राहिला. रविवार होता ना.

मुकादम म्हणाला, "व्याही, माझा शनवार चुकला."

काजी म्हणाला, "माझाही चुकला. तुझा जास्त चुकला."

"ते राहू दे."

"बरं, राहू दे."

गुरवाची बुधली भरली. दोन्ही आळ्यांच्या बाप्यांनी मिळून दरड उपसली. मग पुढचा शनवार आला, तो एकच आला. दोन्ही घाणे गप्प, दोन्ही आळ्यांच्या चुली गप्प. खालच्या गावानं कान दिला आणि म्हटलं, आज शनवार. सांज झाली, चांदण्या दिसल्या. मिलकानं ताट मांडलं. घरात पोहे उरले नव्हते, ते माहेरून आले. गूळ शेजारणीनं दिला. नारळ गुरवानं पाठवले. वेलची शेगुलाबाईनं आपल्या डब्यातली काढून दिली. वर सब्ज्याची डहाळी ठेवली. ताटाभोवती वरल्या आळीचे सहा बसले, खालल्या आळीचे पाच बसले. दहा हवे होते, अकरा झाले. हन्नबीची जागा मोकळी ठेवली. त्यांनी हन्नबीचं नाव घेतलं, गाणं म्हटलं, मग सगळ्यांच्या हातावर मलिदा पडला.

सिम्हाच्या हातावरही पडला. तिनं तो खाल्ला नाही. मूठ मिटली. म्हणाली, "ढवळ्याला कोणी दिला नाही."

हसाजी म्हणाला, "देतो हं, बाळे." तो उठायच्या आधी सिम्हानं एक हात भिंतीला लावला. गुडघा उचलला. उभी राहिली. कोणी हात पुढे केला नाही. तिनं भिंत सोडली. पडवीची पायरी उतरली. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरं टाकलं, डुलली. तिसरं टाकलं आणि चालत फणसाखाली गेली, मूठ उघडली. बैलानं तिच्या हातावरचा मलिदा चाटून खाल्ला. ती खदखदून हसली. मिलका उंबऱ्यावर बसून बघत राहिली.

मग नव्याचा सण आला, वस्तीनं एकाच दिवशी नव्या तांदळाची खीर केली. मग दारफळणीचा सण आला. त्या दिवशी सगळ्यांनी पांढरं नेसायचं, दारं लावून आत बसायचं, उपास करायचा. सगळी दारं एकाच दिवशी लागली, एकाच वेळी उघडली. दुसऱ्या दिवशी शिळा सण, एकमेकांच्या घरी जायचा दिवस. सिम्हा आजोबांचं बोट धरून वरल्या आळीतून खालल्या आळीत गेली आणि दुसऱ्या आजोबांचं बोट धरून परत आली. घाण्याला तेल सुटलं, बुधल्या भरल्या, मिलकाची कूस परत भरली. आणि तेव्हापासून मुकादम वार सांगायच्या आधी एकदा फणसाकडे बघे.

जसे हन्नबीबाबा मिलकाच्या दारी आले, तिचं ताट भरलं, लेक चालती केली, तसे तुमच्या आमच्या दारी येवोत, तुमची आमची पोरं चालती बोलती ठेवोत. ही कहाणी दोन शनवारांत हरवली, तिसऱ्या शनवारी सापडली, मलिद्याच्या ताटाशी गोड होऊन संपली. आता हात पुढे करा.