गोधडीचं कातणं

उंच डोंगरावर एक गाव होतं आणि तिथं हिवाळा आला की जायचं नावच घेत नसे. त्यामुळे त्या गावात गोधड्यांना फार मान. लग्न ठरवताना मुलगी दिसते कशी हे नंतर, आधी तिचा धावदोरा बघत.

फार मागे कधीतरी एक फिरता लोहार या गावातून चालला होता. एका घरी करंज्या चालल्या होत्या. घरातली बाई करंजीच्या कडेवरून कातणं फिरवत होती आणि जास्तीची पारी नागमोडी कापली जाऊन अलगद बाजूला पडत होती. लोहार दारातच थांबला. करंज्या त्यानं पोटभर खाल्ल्याच, पण जाण्याआधी गावात भट्टी पेटवली आणि पोलादाची तशीच चाकं घडवली. कडेला वस्तऱ्याची धार, मधोमध खिळा आणि धरायला लाकडी मूठ. कापडावरून फिरवलं की कापड सरळ रेषेत कापलं जाई. घरटी एक कातणं देऊन लोहार जो गेला, तो पुन्हा काही फिरकला नाही.

लोहार गेला आणि हळूहळू कातणीही बिघडत गेली. कुणाचं अडायला लागलं, कुणाचं कापड नुसतं चुरगळायला लागलं. बहुतेक बायकांनी ती फडताळात टाकली आणि पुन्हा कात्र्या काढल्या. एका म्हातारीचं कातणं मात्र तिच्या तरुणपणापासून तसंच चालत होतं. सारा गाव तिला मावशी म्हणे. मावशी कापायला बसली की रस्त्यानं जाणारी माणसं उभी राहत. दुधावरची साय बोटानं बाजूला सारावी तसं कापड दोन्ही अंगांना होई, आणि आवाज म्हणाल तर काही नाही.

त्याच गावात एक तरुण सून होती. हात भारी चपळ, आणि धीर मात्र औषधालासुद्धा नाही. तिला दिवस गेले होते. त्या गावची रीत अशी, की बाळ बारशाला पाळण्यात घालायचं ते आजोळच्या गोधडीवर, म्हणजे आजीच्या लुगड्यातून कापलेल्या गोधडीवर. या सुनेची आई कधीच गेली होती. मागं उरलं होतं एक जांभळं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. सून ते अधूनमधून ट्रंकेतून काढी, तोंडाशी धरी आणि परत ठेवून देई. कापायचं धाडस तिला होत नव्हतं, कारण तिचं कातणं अडत होतं आणि दुसरं लुगडं काही आईकडून येणार नव्हतं.

शेवटी ती मावशीकडे गेली आणि विचारलं, तुमच्या कातण्यावर कुठला मंत्र आहे?

मावशी शेंगा खात बसली होती. ती म्हणाली, "मंत्र कसला गं? दाबायचं नाही. दगडावर चालवायचं नाही. टाचण्या आधी काढायच्या. काम झालं की खिळा काढून पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा. झालं."

सुनेला वाटलं, म्हातारी लपवतेय. गावातल्या प्रत्येक बाईला असंच वाटलं होतं. एवढी अद्भुत गोष्ट आणि तिचं उत्तर तेलाचा थेंब? मग सुनेनं मनातलं बोलूनच टाकलं. गोधडी होईपर्यंत तुमचं कातणं मला द्याल का, असं तिनं खाली मान घालून विचारलं. तिला वाटलं होतं की मावशी आता झिडकारणार. मावशीनं हात झटकले, कोनाड्यातून कातणं काढून तिच्या ओटीत ठेवलं आणि म्हणाली, तुझं मला आणून दे म्हणजे माझं काम अडायला नको.

सुनेनं आपलं कातणं मावशीला नेऊन दिलं आणि तिचं पदराखाली झाकून घरी आणलं. देवाची मूर्ती आणावी तसंच. आणि घरी आल्यावर तिनं जे केलं ते त्या गावची बाईच करू जाणे. कातणं पाटावर ठेवलं, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, चाकावर आणि खिळ्यावर चांगलं थापून लावलं, वर फूल ठेवलं आणि हात जोडले. हळदकुंकू ओलं होतं, ते खिळ्याच्या भोवती जाऊन वाळलं.

आधी तिनं नवऱ्याचं जुनं धोतर कापून पाहिलं. काय कापलं ते! तिच्या अंगावर काटा आला. मग तिला जोर चढला. घड्यांवर घड्या घातल्या, चुलीजवळच्या दगडी ओट्यावरच बसली आणि सवयीप्रमाणे सगळं अंग टाकून दाबत राहिली. चाक थोडं जड फिरतंय असं तिला वाटलं, म्हणून तिनं आणखी दाबलं. उठताना कातणं तसंच उघडं टोपलीत टाकलं, कात्री आणि सुयांच्या सोबतीला.

दुसऱ्या दिवशी तिनं आईचं लुगडं ओट्यावर अंथरलं. घडी सरकू नये म्हणून टाचण्या लावल्या. पूर्ण जोर देऊन कातणं चालवलं आणि चाक एका टाचणीवरून कर्रकन गेलं. त्यानंतर चाकाच्या दर फेऱ्याला एकाच जागी चार धागे न कापता राहू लागले. सून चिडली. तिनं कापडाला हिसका दिला. जुनं लुगडं ते, आडवं टरटरत फाटत गेलं, पार काठापर्यंत.

सून ओट्याशी बसून रडली. मग रडू थांबलं आणि राग आला. म्हातारीनं मंत्र काढून घेऊन नुसतं लोखंड हातात दिलं, असं तिच्या मनानं घेतलं. लुगड्याचं गाठोडं आणि कातणं घेऊन ती तरातरा मावशीच्या घरी गेली.

दारातच तिचे पाय थांबले. मावशी कापत होती. समोर जाडंभरडं घोंगडीचं कापड, आणि कातणं दुधासारखं वाहत चाललेलं. कसला आवाज नाही, एक धागा मागे राहत नव्हता. मुठीवर चुलीत भाजल्याचा काळा डाग होता. तो डाग सुनेनंच पाडला होता. ते तिचंच कातणं होतं, ज्याला ती बोथट म्हणत होती ते. असं काही आपल्या वस्तूत होतं, रोज आपल्या हाताखाली होतं, या विचारानं ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

मावशीनं तिला जवळ बसवलं. म्हणाली, "तुझं पातं चांगलं होतं गं. खिळा काढला तर आत सुताचा हा एवढा गोळा. तू इतक्या गोधड्या शिवल्यास, सगळ्यांचं थोडं थोडं आत साठलं होतं."

मग तिनं स्वतःचं कातणं मागून घेतलं, खिळा काढला आणि आतलं लालपिवळं ढेकूळ बघून पोट धरून हसली. हसता हसता तिनं चाकाच्या कडेवरून नख फिरवलं. नख एका जागी अडकलं आणि मावशीनं चाक उजेडाकडे धरलं. त्या कातण्यानं तिच्या लेकरांच्या गोधड्या कापल्या होत्या, नातवंडांच्याही.

सुनेनं गाठोडं सोडून फाटलेलं लुगडं पुढं ठेवलं. रागाचं आता काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, मी दाबलं. दगडावर चालवलं. टाचण्याही काढल्या नव्हत्या. तुम्ही सगळं सांगितलं होतंत."

मावशीनं कातणं बाजूला ठेवलं. धार लावून पाहू, पण एवढी खोल खाच काही जायची नाही, असं ती म्हणाली. रागावली मात्र नाही. तिनं लुगड्याचा धड राहिलेला भाग हातानं मोजला. पाळण्याच्या मानानं तो आखूड पडत होता. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक हिरवं लुगडं घेऊन आली. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी मला हे नेसवा, असं मावशीनं लेकींना सांगून ठेवलं होतं.

"मला जाताना काय, कुठलंही चालेल," मावशी म्हणाली. "बाळाला आजोळ हवं. काप."

सुनेनं हात मागे घेतले. तुम्हीच कापा, माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही, असं ती म्हणाली. मावशीनं ऐकलं नाही. सावरीच्या मऊ लाकडाचा पाट पुढं सरकवला, डाग पडलेल्या मुठीचं कातणं तिच्या हातात दिलं आणि आपण भिंतीला टेकून बसली.

सुनेनं चाक पुसलं. तेलाचा थेंब सोडला. एकच घडी घातली, टाचण्या एकेक करून काढल्या आणि मोजल्या. मग चाक कापडावर टेकवलं आणि दाबायला आलेला हात मोठ्या कष्टानं मागे ओढून धरला. नुसतं पुढं नेलं. हिरवं लुगडं उघडत गेलं. तिला हाताला काही लागेना, कानाला काही ऐकू येईना, आपण कापतोय हेही तिला खरं वाटेना. काठ आला आणि दोन तुकडे निमूट वेगळे झाले. सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीनं शेंगांची वाटी तिच्याकडे सरकवली.

बारशाला पाळण्यात जी गोधडी होती, ती अर्धी जांभळी, अर्धी हिरवी. पाहुण्यांतल्या एका बाईनं हात फिरवून विचारलं, "बाळाचं आजोळ कुठलं म्हणायचं?"

सुनेनं पाळण्याची दोरी मावशीच्या हातात दिली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वस्तूत जादू शोधत बसू नये. आपलीच वस्तू पुसून, हलक्या हातानं वापरून पाहावी. आणि जाणत्या माणसानं साधं काही सांगितलं, तर ते साधं आहे म्हणून सोडून देऊ नये.