देवीचं दंडव्याज

"आणि व्याज किती धरायचं, माई?"

टेकडीवरच्या देवळात माई देवीपुढची समई पुसत होत्या. हात थांबला नाही.

"कशाचं गं व्याज?"

"नवसाचं."

आता मात्र हात थांबला.

कालिंदीताई तालुक्यातल्या महिला पतसंस्थेच्या अध्यक्ष. लहानपणी याच टेकडीवर, याच माईंपाशी बसून त्या व्रतं शिकल्या, कहाण्या शिकल्या. पुढे मोठ्या झाल्या, गावात मान मिळाला. आज गाडी पायथ्याशी लावून दोन जड पिशव्या वर चढवताना त्यांना धाप लागली होती. चैत्रातलं ऊन. माईंचेही गुडघे सकाळपासून बोलत होते.

"नातू झाला तर तुझी ओटी भरीन, असं बोलले होते देवीला. नातू आता शाळेत जातो."

"मग उशीर झाला खरा."

"म्हणून तर! एका ओटीच्या जागी हे बघा…"

पिशव्यांतून एकेक वस्तू निघू लागली. भरजरी साडी. खण. चांदीचा करंडा. नारळांची रास. परातभर गहू.

"दरसालचं व्याज धरलंय. वर दंडव्याजही. देवीची एक पै बुडवायची नाही मला."

माईंनी करंडा उचलला, उजेडात धरून पाहिला, खाली ठेवला.

"देवीनं नोटीस पाठवली होती का गं?"

कालिंदीताई हसल्या. माई हसल्या नाहीत.

"उशीर का झाला?"

"काय सांगू… आधी सुनेचं दुखणं. मग ह्यांचं ऑपरेशन. मग संस्थेची नवी इमारत. मनात रोज यायचं, माई. पण जमलंच नाही. नियत खोटी नव्हती माझी."

"नव्हतीच. मी ओळखते ना तुला."

खालून, गावातून, गिरणीची घरघर वर येत होती.

"इंदूची गिरणी," माई म्हणाल्या. "माझं पीठ तीच दळून देते. पैसे म्हणून घेत नाही. कितीदा भांडले तिच्याशी."

कालिंदीताईंनी पदरानं मान पुसली.

"तो विषय नको, माई. उद्या सील लागतंय त्या गिरणीला."

"कोण लावतंय?"

"आम्हीच. कर्ज आमचंच आहे. कागद पर्समध्ये आहे… माझी सही तेवढी राहिली."

"मुद्दल बुडवलं तिनं?"

"मुद्दल केव्हाच फिटलं."

"मग राहिलं काय?"

"व्याज. हप्ते थकले त्याचं दंडव्याज. ते कर्जात मिळवायचं, की त्याच्यावर पुन्हा व्याज. मग त्या व्याजावर…"

"थांब बाई. ऐकूनच दम लागला मला."

"आणि मला नाही लागत?" कालिंदीताईंचा आवाज एकदम चढला, आणि तसाच खाली आला. "मीही थकलेय हो. सकाळी दार उघडलं की ठेवीदार उभे. म्हाताऱ्या बायका. औषधपाणी चालतं त्यांचं महिन्याच्या व्याजावर. ते कुठून आणू मी? एकीला सोडलं की दहाजणी येतात."

"त्यांचं त्यांना द्यायलाच हवं. त्याला कोण नाही म्हणतंय?" माई हळूच म्हणाल्या. "पण इंदूनं भरलं त्यातून त्यांचं भागलं नाही का?"

"…भागलं. केव्हाच."

"मग हे वरचं कुणाचं?"

"नियमाचं."

"नियम कुणी केला?"

"सभेत झाला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ठराव मीच मांडला होता."

माईंनी समईत तेल घातलं. वात सारखी केली.

"इंदू काय म्हणते?"

"सगळ्या म्हणतात तेच. नवऱ्याचं दुखणं निघालं, मग गिरणीची मोटर जळाली. मनात रोज येतं ताई, पण जमत…"

वाक्य तिथंच राहिलं.

खाली गिरणी आपली घरघरत होती.

माई भिंतीला धरून उठल्या.

"चल, ओटी भर. नैवेद्याची वेळ होत आली."

कालिंदीताईंनी देवीपुढे खण ठेवला. खणावर नारळ. ओंजळीनं गहू घातले, हळदीकुंकू वाहिलं. मग त्यांनी करंड्याला हात घातला, तसा माईंनी तो हात धरला.

"एवढंच बोलली होतीस."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तिनं मागितलं नव्हतं."

"मग उशिराचं काय, माई?"

माईंनी देवीपुढच्या गव्हातून एक मूठ उचलली.

"पदर पसर."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

मूठ पदरात पडली.

"अहो, हे नवसाचं आहे! देवीचं आहे!"

"आई ओटी कधी अख्खी ठेवून घेते का गं? एवढं तरी शिकवलं होतं तुला."

कालिंदीताई पदराकडे बघत राहिल्या. माईंनीच पदराला गाठ मारून दिली, लहानपणी मारून द्यायच्या तशी.

"ह्याचं काय करू, माई?"

"घरच्या गव्हात मिसळ आणि उद्या दळून आण. मग पोळ्या करू देवीसाठी."

कालिंदीताईंनी पिशव्या उचलल्या. आणल्या होत्या जवळजवळ तेवढ्याच जड होत्या. नमस्कार करून त्या उन्हात पायऱ्या उतरू लागल्या.

मागून माईंचा दमलेला आवाज आला.

"कालिंदी… गिरणी उद्या उघडी असेल ना गं?"