मसूच्या दोराचं दुसरं टोक

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि घाटावरचा उंबर एका माणसाच्या मिठीत मावत होता, तेव्हा हे घडलं. आज त्या उंबराला चार माणसांची मिठी पुरत नाही. किती वर्षं झाली ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

उंबरपाणी गाव नदीच्या अलीकडे, आणि त्याची निम्मी शेतं पलीकडे. पावसाळ्यात नदी भरली की जायला-यायला एकच साधन होतं, वाळलेल्या भोपळ्यांची सांगड. अलीकडच्या उंबरापासून पलीकडच्या आंब्यापर्यंत जाड दोर ताणलेला असे. सांगडीवर बसायचं आणि दोर धरून, हातापुढे हात टाकत पलीकडे सरकायचं. दोर मजबूत असला तर माणूस संध्याकाळी घरी येई.

हा दोर वळायचा मान मसूच्या घराचा होता. घर गावकुसाबाहेर, पण दरसाल पावसाआधी नवा दोर उंबराला बांधायचा तो मसूनेच. आजाने बांधला, बापाने बांधला, आता मसू बांधत होता. त्याच्या हातचा पीळ असा बसे की दोन पेडांमधून मुंगीलाही वाट मिळत नसे, असं म्हणतात.

त्याच हातांना कवड्यांचा नाद लागला.

बाजाराच्या गावी चिंचेखाली शिरपा नावाचा एक माणूस घोंगडं पसरून कवड्या टाकत असे. मसू पहिल्यांदा बघायला म्हणून बसला. मग खेळायला बसला. मग उठेना. शेळ्या गेल्या. बायकोचे, राहीचे, चांदीचे वाळे गेले. दर बाजारी तो सांगून जाई की आज वाख विकून सरळ घरी येतो, आणि दर बाजारी हात हलवत परत येई. अंबाडीच्या सालीच्या त्या धाग्याला वाख म्हणतात. त्यावरच त्याचं पोट होतं, आणि तोही तो हरू लागला. राहीने शिव्या दिल्या, उपास धरले, चुलीपुढे बसून रडली. मसूला सगळं ऐकू येई. पण कवड्यांचा आवाज त्याहून मोठा येई.

एका उन्हाळ्यात त्याने नदीचा नवा दोर डावावर लावला आणि हरला. शिरपाने दोराचं वेटोळं गाडीत टाकलं आणि नेलं.

पाऊस तोंडावर आला होता. नवा दोर वळायला वाख नव्हता. तेव्हा मसूने जुने दोन तुकडे एकमेकांत गुंफले, वरून चिखल चोळला आणि तो दोर उंबराला बांधला. कोणालाही बोलला नाही. बांधताना त्याच्या छातीत तेच धडधडलं जे चिंचेखाली धडधडत असे. टिकला तर टिकला. हाही एक डावच होता. फक्त या वेळी डावावर माणसं होती.

श्रावणात दोर तुटला.

सांगडीवर चार बायका होत्या. त्यात राही होती. सांगड हाकणारी बयजा कोळीण होती, नवऱ्यामागे घाट सांभाळणारी खमकी बाई. सांगड खाली वळणापर्यंत वाहत गेली. बयजाने एकेकीला लोटून काठाच्या करंजाला धरायला लावलं, आणि शेवटी तिचा स्वतःचा पाय सांगड आणि खडकाच्या मध्ये सापडला. सगळ्या वाचल्या. बयजाचा पाय गेला. त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही.

पाणी उतरलं तशी राही पैलाडच्या वाडीला निघाली. तिथे तिचं माहेर होतं. जाताना एवढंच म्हणाली, "दोर नदीनं तोडला न्हाई. तुमच्या दोरावर मी पुन्हा पाय ठेवायची न्हाई."

मग चावडीवर गाव बसला. मसूला विचारलं, नवा दोर कुठे आहे. तो म्हणाला, हरलो. मग पाटील म्हणाले की याने गाव सोडावं, दोर दुसरीकडून आणू. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मसूनेही हलवली. त्याला ते खरंच वाटलं.

बयजाला बाजेवर घालून आणलं होतं. तिने विचारलं, "मसू, पुन्हा खेळशील?"

मसू म्हणाला, "न्हाई म्हणालो तर खोटं हुईल, अक्का. हात ऐकत न्हाईत."

हे उत्तर गावाला आवडलं नाही. बयजाला आवडलं. ती म्हणाली, "एवढ्या दिसात हा पहिल्यांदा खरं बोलला. आता याला घालवू नगा. दोर एकट्यानं वळता येत न्हाई. एकानं पीळ घालायचा, एकानं दुसरं टोक ताणून धरायचं. मला आता बसूनच ऱ्हायचंय. मी टोक धरते."

कुंभाराचा रावजी म्हणाला, "अक्का, त्यानं तुझा पाय घालवला."

"म्हणून तर रिकामी हाय," बयजा म्हणाली.

गावाने घरटी मूठभर वाख दिला. घाटाशेजारच्या माळावर एक सपाट दगड होता, त्यावर बयजा बसली. समोर लांब मसू बसला. बयजाने त्याला सांगितलं, हात वळवळायला लागला की हाक मार. काय हाक मारू, त्याने विचारलं. टोक धरा, म्हण. पुढचं मी बघते.

पण हाक मारणं कवड्या सोडण्याहून अवघड होतं. ज्या गावाला बुडवायला निघालो त्या गावाला कोणत्या तोंडाने हाक मारायची? मसू गप्प वळत राहिला. कुणाला वाटलं, सुधारला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अर्धा पीळ भरला असता त्याने आपलं टोक खुंटीला अडकवलं. "वाख भिजवून येतो, अक्का," म्हणाला आणि नदीकडे न जाता चिंचेकडे गेला. गावाने दिलेला उरलेला वाख काखेत होता. तो हरला. डोक्यावरचं मुंडासं हरला. मग उघड्या डोक्याने तिथेच कुठेतरी पडून राहिला. गावाला परतायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण वाख संपला हे निदान सांगावं, म्हणून तो आला.

माळावर येऊन बघतो तर बयजा दगडावर तशीच बसलेली. दोर ताणलेला. टोक तिच्या मुठीत.

कोणी सांगतात ती एक दिवस बसली, कोणी सांगतात तीन. एक दिवसही पुष्कळ झाला. वरून पाऊस येऊन गेला होता. लोक तिला सोड म्हणून सांगून दमले. रावजी खुंटी घेऊन आला, मी ठोकतो म्हणाला. तिने त्याला परत पाठवलं. त्यानं माझ्या हातात दिलंय, माझ्या हातातनंच घेईल, म्हणाली. तिची मूठ उघडली तेव्हा दोराचा पीळ तळव्यात उमटला होता, आणि तो मरेपर्यंत गेला नाही, असं म्हणतात.

मसूला वाटलं होतं, ती मारील. ती म्हणाली, "सोडलं असतं तर सगळा पीळ उलगडला असता. बस आता."

मसू बसला. ऊन वर आलं, चिंचेखाली आता घोंगडं पसरलं असेल हे त्याला कळत होतं, आणि पाय आपोआप उठू बघत होते. तेव्हा त्याने पहिल्यांदा हाक मारली. "टोक धरा."

आवाज इतका बारीक होता की शेजारच्या कावळ्यानेही मान वळवली नाही. बयजा म्हणाली, "धरलंय. पण माझा हात सोलवटलाय. गावाला ऐकू जाईल असं म्हण."

तो मोठ्याने म्हणाला.

पहिला रावजी आला, कोपरापर्यंत चिखल माखलेला. "चाकावर गाडगं अर्धं ठेवून आलोय," म्हणाला, "ते कोसळलं तर तुझ्या डोक्यात घालीन." आणि बयजाच्या हातातून टोक घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेलीण आली. मग शिंपी आला, त्याला टोक धरता येत नव्हतं, त्याची लोकांनी चेष्टा केली. एकदा खुद्द पाटलीणबाई आल्या. त्या काळी गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ कोणी बसत नसे. त्यांनी पदर हाताला गुंडाळून लांबून टोक धरलं. पण दोराचा एक गुण आहे. पीळ भरत जातो तसा दोर आखूड होतो, आणि वळणारा धरणाऱ्याकडे ओढला जातो. दिवाळीपर्यंत पाटलीणबाईंच्या हाताचा पदर सुटला होता, आणि त्या मसूला त्याच्या वाखात कचरा किती आहे ते जवळ बसून सुनावत होत्या.

कोणी त्याला विचारलं नाही, किती हरलास. कोणी उपदेश केला नाही. आले, मूठभर वाख टाकला, टोक धरलं, गेले. कधी दिवसात एकदा हाक येई, कधी चार वेळा, कधी लोक ताटावरून उठून येत आणि वाटेत त्याला शिव्या देत. पण येत.

नदीचा दोर केव्हाच झाला आणि उंबराला बांधला. तरी मसूच्या हाका थांबल्या नाहीत, म्हणून दोरही थांबला नाही. ज्या दिवशी हाव मोठी, त्या दिवशी दोर मोठा. वर्षं गेली. वेटोळ्यावर वेटोळं चढलं. ते त्याच्या झोपडीहून उंच झालं, आणि गुराखी त्यावर चढून रान बघत, असं म्हणतात.

मसू दरसाल पैलाडच्या वाडीला निरोप पाठवी, दोर पक्का आहे. राहीचं उत्तर येत नसे.

मग तो पूर आला ज्याची आठवण म्हाताऱ्यांनीही दुसऱ्यांकडून ऐकलेली आहे. नदी त्या दिवशी आपली रुंदी विसरली. सांगडीचा दोर उंबरासकट पाण्याखाली गेला आणि तुटून वाहून गेला. उंबराचा फक्त शेंडा दिसत होता. पलीकडे पैलाडची वाडी बुडत होती. माणसं वाडीच्या टेकाडावर चढली होती, आणि टेकाड लहान होत होतं. राही तिथे होती.

सगळं गाव माळाच्या वरच्या अंगाला, मसूच्या वेटोळ्यापाशी जमलं. बाजाराच्या गावात पाणी शिरल्याने तिकडची माणसंही तिथेच आसऱ्याला आली होती. त्यात शिरपा होता. त्याची चिंच गेली होती, घोंगडं गेलं होतं, कवड्या मात्र कमरेला होत्या.

मसूने दोन भोपळे काखेत बांधले आणि आपल्या दोराचं टोक कमरेला बांधलं. जाणत्यांनी पाण्याकडे पाहिलं, वेटोळ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की दोर पोचणार नाही. निम्म्या वाटेतच संपेल.

शिरपा पुढे झाला. त्याचं तोंड बऱ्याच दिवसांनी उजळलं होतं. "मसू, पोचतो का न्हाई? लाव काय ते. मी म्हणतो न्हाई पोचत."

मसूच्या छातीत ते जुनं धडधडणं झालं. इतक्या वर्षांनी, तसंच. माळावर सगळ्यांना ते दिसलं, असं म्हणतात. बयजा काठीवर उभी होती.

मसू म्हणाला, "हे डावावर न्हाई, शिरपा. टोक धर."

आणि दोराचं दुसरं टोक त्याने शिरपाच्याच हातात दिलं. शिरपाला ते घ्यावं लागलं. त्याच्यामागे रावजीने धरलं, त्याच्यामागे पाटलीणबाईंनी, मग सगळ्या गावाने.

मसू पाण्यात शिरला. वेटोळं उलगडू लागलं. ते झोपडीएवढं झालं, मग टोपलीएवढं, मग संपलं. मसू अजून नदीच्या मध्यावर होता. जाणते म्हणाले, संपला. पण दोर ओढला जातच राहिला. कुठून येत होता ते कोणाला कळलं नाही. ज्याने ज्याने कधी टोक धरलं होतं त्याच्या त्याच्या हातातून दोर वीतभर वाढत होता, असं म्हणतात. शिरपाच्या हातात दोर जळत्या निखाऱ्यासारखा तापला, पण त्याने सोडला नाही.

मसू टेकाडाला लागला आणि तिथेच आडवा झाला. राहीने त्याच्या कमरेचं टोक सोडलं. लगेच बांधलं नाही. आधी बोटांनी पीळ चाचपला, जसा दोरवाल्याच्या घरची बाई चाचपते. पीळ एकसारखा नव्हता. कुठे घट्ट होता, कुठे ढिला, कुठे कुंभाराच्या हाताची माती आत बसलेली.

"हा तुमचा एकट्याचा न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई. गावाचा हाय."

"मग चालंल," राही म्हणाली, आणि टोक टेकाडावरच्या एका आंब्याला बांधलं. वाडीत होत्या तेवढ्या भोपळ्यांची सांगड झाली. पोरं आधी गेली, मग म्हातारी, मग बाकीचे. राहीने पाय ठेवला तेव्हा अलीकडे दिवस मावळत होता. शेवटचा माणूस उतरेपर्यंत एकानेही टोक सोडलं नाही.

शिरपाच्या कमरेच्या कवड्या त्या ओढाताणीत कुठे पडल्या ते कळलं नाही. त्याने शोधल्या, पण फार नाही. पुढे तो उंबरपाण्यातच राहिला आणि बाजाराच्या दिवशी मसूच्या आधी तोच हाक मारू लागला.

मसू म्हातारा झाला. कोणी विचारलं, सुटला का रे नाद, तर तो म्हणे, कोणीतरी टोक धरलंय तोवर सुटलाय. बयजा गेली तेव्हा तिच्या दगडावर त्याने पुन्हा कोणाला बसू दिलं नाही. तो दगड अजून आहे. त्यावर मुठीएवढी खोलगट जागा आहे आणि तिच्यात दोराचा पीळ दिसतो. ज्याला दिसत नाही त्याने हात लावून बघावा.

आता नदीवर पूल आहे आणि सांगड कोणी पाहिलेली नाही. तरी पावसाआधी उंबरपाण्यात घरटी मूठभर वाख निघतो. सगळं गाव माळावर बसून एक दोर वळतं आणि उंबराला बांधतं. दिवाळीत इतर गावांत शकुनाचा म्हणून डाव मांडतात, इथे मांडत नाहीत.

आणि एक रीत आहे. पत्ते असोत, आकडा असो, बाटली असो की हातातल्या फोनवरचा खेळ, ज्याचे हात ऐकत नाहीत त्याने उंबराखाली जाऊन हाक मारायची. ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून जायचं, हात पिठाचे असले तरी. किती हरलास ते विचारायचं नाही. समोर बसायचं आणि टोक धरायचं. कधी सोडायचं ते वळणारा सांगतो.