चुळबुळीने आणलेली कोवळी पानं

सातासमुद्रापलीकडच्या एका रानात पानं कापणाऱ्या मुंग्यांचं एक वारूळ होतं. लोकांना वाटतं, या मुंग्या पानं खातात. छे! त्या पानांचा चावून लगदा करतात, त्यावर तळघरात बुरशीचा मळा पिकवतात, आणि पोराबाळांसकट सगळं घर त्या बुरशीवर जगतं.

तिथे चुळबुळी नावाची एक मुंगी होती. हिचा पाय म्हणून जमिनीवर ठरत नसे. पान कापणारीने ते दारात टाकायचं आणि परत फिरायचं, खाली मळ्यात जायचं नाही, अशी त्या घरची रीत. चुळबुळीला ती फार सोयीची होती.

लांबच्या झाडापर्यंतची रांग तिला नकोशी वाटे. एक दिवस वारुळाजवळच तिला कोवळ्या पानांचं झाड दिसलं. याला आजवर कुणी तोंड कसं लावलं नाही, असं तिच्या मनात आलंही, पण विचार करायला थांबणार कोण? कुणाला न सांगता ती तिथलीच पानं आणू लागली. बाकीच्यांची पाच पानं होईतो हिची वीस. वारुळात तिचं नाव झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मळा काळा पडू लागला. मळा राखणारी चिमुकली तिळी धापा टाकत वर आली. बुरशीला कुठलं तरी पान बाधलंय, पण लगद्यातून ओळखायचं कसं, म्हणून कुठल्या झाडाचं पान आणलंस, असं ती प्रत्येकीला विचारत होती.

चुळबुळीला ते जवळचं झाड आठवलं. खरं सांगावं तर कमावलेलं नाव जाणार. नेहमीचंच झाड, असं सांगून ती पळाली. पण दुपारपर्यंत तिला एक पान धड कापवेना. चार पावलं पुढे, चार मागे. शेवटी रीत मोडून ती खाली उतरली. काळ्या मळ्याच्या कडेला भुकेली पिल्लं तोंडं वासून बसली होती आणि तिळी त्यांच्यासाठी पांढरी बुरशी शोधत होती.

"तिळे, त्या जवळच्या झाडाचं पान आहे. मीच आणलं."

तिळीने मान वर केली नाही. "सकाळी सांगितलं असतंस तर अर्धा मळा वाचला असता, ताई. आता एक कोपरा वाचेल."

त्या झाडाची उरलेली पानं बाहेर फेकली, तेव्हा कोपरा वाचला. पण तेवढ्यावर सगळी पिल्लं काही जगली नाहीत. चुळबुळी आता नव्या झाडाचं पहिलं पान स्वतः मळ्यापर्यंत नेते आणि बुरशीला ते मानवतंय का, हे कळेपर्यंत तिथेच थांबते. थांबणं तिला अजूनही फार जड जातं.

तात्पर्य: आपल्या हातून गेलेल्या कामाचं पुढे काय होतं ते बघावं, आणि चूक कळताच ती बोलून टाकावी; आपण गप्प बसलो तर उपाशी दुसरं कुणीतरी राहतं.